जुन्या टॉर्चला एलईडीचा बल्ब : प्रस्तावना

टॉर्च म्हणजे चार वस्तूंची जुळणी : सेल, बल्ब, परावर्तक आणि या तिघांना धरून ठेवणारी नळी. नळी पितळेची, ॲल्युमिनियमची किंवा पत्र्याची असेल तर ती नुसते आवरण राहत नाही, विजेचा परतीचा रस्ताही तिच्यातूनच जातो. पुढच्या सेलची टोपी बल्बच्या बुडाला टेकते; वीज फिलामेंटमधून, बल्बच्या कॉलरमधून, परावर्तकातून आणि बटणाच्या पट्टीतून नळीत उतरते आणि मागच्या झाकणातल्या स्प्रिंगवाटे शेवटच्या सेलच्या बुडाशी पोहोचते. जुन्या टॉर्चमध्ये एलईडीचा बल्ब बसवायचा म्हणजे या जुळणीतला एकच भाग काढायचा आणि त्याच्या जागी अगदी वेगळ्या स्वभावाचा भाग घालायचा. काम एका मिनिटाचे आहे. मात्र उरलेले तिन्ही भाग तापून उजळणाऱ्या तारेच्या हिशोबाने घडवलेले असतात, आणि नवा बल्ब त्यांना किती मानवतो यावरच पुढचा सगळा निकाल ठरतो. म्हणून एलईडीकडे वळण्याआधी जुना टॉर्च ज्या विचाराने बनला तो समजून घेणे आवश्यक आहे.

१० जानेवारी १८९९ रोजी डेव्हिड मिसेल या इंग्रज संशोधकाला अमेरिकेत ६,१७,५९२ क्रमांकाचे पेटंट मिळाले. नळीत एकामागे एक बसवलेले कोरडे सेल, पुढच्या तोंडाशी बल्ब आणि त्याच्यामागे परावर्तक ही आजही ओळखीची असलेली रचना त्यात आहे. ते पेटंट कॉनरॅड ह्यूबर्ट यांच्या कंपनीकडे गेले आणि तिने ‘एव्हर रेडी’ या नावाने टॉर्च विकायला सुरुवात केली. त्या काळच्या बल्बात कार्बनची तार असे. ती वीज फार खाई आणि उजेड जेमतेम देई. सेलही इतके दुबळे की क्षणभर लावून त्यांना विसावा द्यावा लागे. १९१० च्या सुमारास विल्यम कूलिज यांनी जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत टंगस्टनची लवचीक तार ओढण्याची रीत बसवली. ती तार बल्बमध्ये आल्यावरच टॉर्च सलग जळू लागला आणि भरवशाचे साधन ठरला. पुढची नव्वद वर्षे त्यात मूलभूत फरक पडला नाही. बल्बमध्ये क्रिप्टॉन, झेनॉन किंवा हॅलोजन भरून उजेड थोडा वाढवला गेला, एवढेच.

या नव्वद वर्षांत बल्ब आणि सेल यांचे माप एकमेकांना फार बारकाईने जुळवले गेले. दोन सेलच्या टॉर्चसाठी असलेल्या ‘पीआर-२’ या प्रसिद्ध अमेरिकी बल्बवर २.३८ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर असा आकडा असतो. दोन नव्या सेलचे व्होल्टेज तीन असताना बल्ब २.३८ चा का? कारण अर्धा अँपिअर ओढला की सेलचे व्होल्टेज खाली बसते, आणि बल्ब त्या बसलेल्या व्होल्टेजसाठी असतो. तीन सेलचा ‘पीआर-३’ याच न्यायाने ३.५७ व्होल्टचा. युरोपीय घराण्यातल्या पेचाच्या बल्बांवर २.५ व्होल्ट ०.३ अँपिअर किंवा ३.८ व्होल्ट ०.३ अँपिअर असे आकडे दिसतात. त्यामागचा विचारही हाच. फिलामेंटला हे माप सांभाळावे लागते, कारण व्होल्टेजच्या बाबतीत ते फार हळवे असते. व्होल्टेज वीस टक्क्यांनी उतरले तर उजेड निम्म्याहून कमी होतो, विजेचा प्रवाह मात्र जेमतेम बारा टक्क्यांनी घटतो. उलट बाजूने, व्होल्टेज पाच टक्क्यांनी चढले तर बल्बचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते. सेल उतरू लागले की टॉर्चचा उजेड पिवळा, मग तांबूस पडतो, आणि त्या मंद उजेडासाठीही सेल जवळपास आधीइतकेच झिजत राहतात.

भारतात टॉर्च रुजला तो एव्हरेडीच्या नावाने. मूळ अमेरिकी कंपनी नॅशनल कार्बनमार्फत युनियन कार्बाइडच्या समूहात गेली, आणि त्या समूहाच्या भारतीय कंपनीने सेलबरोबर टॉर्चही इथेच बनवायला घेतले. लखनौचा टॉर्चचा कारखाना १९५८ मधला. अलाहाबादची जीप आणि मुंबईची एस्ट्रेला ही नावेही त्या पिढीच्या परिचयाची. या टॉर्चपैकी धातूचे जे आज माळ्यावर, पेटीत किंवा गोठ्यातल्या खुंटीला सापडतात, त्यांच्यात बिघडण्यासारखे फार थोडे असते. नळी जाड, परावर्तक खोल आणि निकेलचा मुलामा दिलेला, पुढे खरी काच, आणि प्रत्येक भाग हाताने उघडता येणारा. आज बाजारात मिळणारे बरेचसे स्वस्त प्लॅस्टिकचे एलईडी टॉर्च आत सोल्डर केलेली बॅटरी घेऊन येतात. ती बसली की संपूर्ण टॉर्च कचऱ्यात जातो. दुरुस्त करता येण्याजोगी वस्तू हातात असताना ती मोडीत काढून न दुरुस्त होणारी वस्तू विकत घेणे हे नुकसानच आहे. जुन्या टॉर्चचा बल्ब बदलण्यामागचे सर्वांत सबळ कारण हे आहे. वाढीव उजेड त्याच्यानंतर येतो.

आता एलईडी. अर्धवाहकाच्या दोन थरांच्या सांध्यातून प्रवाह गेला की तिथे इलेक्ट्रॉन खालच्या ऊर्जापातळीवर उतरतात आणि सुटलेली ऊर्जा प्रकाश म्हणून बाहेर पडते. तार तापवण्याची भानगड त्यात नाही. निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी बनवला, पण पांढऱ्या उजेडासाठी निळा एलईडी हवा होता आणि तो तीस वर्षे हुलकावणी देत राहिला. गॅलियम नायट्राइडचे स्फटिक नीट वाढवण्याचे काम इसामु आकासाकी आणि हिरोशी आमानो यांनी नागोया इथे, आणि शुजी नाकामुरा यांनी निचिया या कंपनीत तडीस नेले. १९९३ मध्ये निचियाचा प्रखर निळा एलईडी बाजारात आला आणि २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळाले. निळ्या चिपवर पिवळा प्रकाश देणाऱ्या फॉस्फरचा थर दिला की दोन्ही मिळून डोळ्यांना पांढरा उजेड दिसतो. आजचा पांढरा एलईडी याच रीतीने बनतो.

फिलामेंट आणि एलईडी या दोघांच्या कमाईतला फरक मोठा आहे. पीआर-२ बल्ब सुमारे १.२ वॅट खाऊन दहाएक ल्युमेन उजेड देतो, म्हणजे वॅटमागे आठ-नऊ ल्युमेन. साधा, चांगल्या प्रतीचा एलईडी वॅटमागे शंभर ल्युमेन सहज देतो. अर्ध्या वॅटचा एलईडी बल्ब घेतला तर सर्किटमधली गळती धरूनही सेलवरचा भार निम्मा होतो आणि उजेड चार-पाच पटींनी वाढतो. या हिशोबात एक निवड दडलेली आहे. वाचलेली वीज सेलच्या आयुष्यात घालावी की उजेडात, हे बल्ब निवडणाऱ्याने ठरवायचे असते. पाकिटावरचे मोठे ल्युमेनचे आकडे नेहमी दुसऱ्या बाजूला ओढतात. जुन्या टॉर्चसाठी बहुतेक वेळा पहिली बाजू शहाणपणाची ठरते, आणि त्याची कारणे पुढे उष्णतेच्या आणि परावर्तकाच्या चर्चेत येतील.

बल्ब निवडताना पहिली पाहणी बुडाची. जुन्या टॉर्चमध्ये मुख्यतः दोन प्रकारची बुडे आढळतात. एकात काचेखाली गुळगुळीत धातूची नळी आणि तिच्याभोवती बाहेर आलेली कॉलर असते. बल्ब परावर्तकाच्या मागून नुसता आत ठेवायचा, कॉलर त्याला योग्य उंचीवर अडवते. तांत्रिक यादीत या बुडाला ‘पी १३.५ एस’ म्हणतात, आणि पीआर मालिकेतले सगळे बल्ब याच घराण्यातले. दुसऱ्या प्रकारात बारीक आटे असतात आणि बल्ब फिरवून बसवतात. हे ‘ई १०’, म्हणजे दहा मिलिमीटरचा पेच. सायकलच्या डायनॅमोच्या मागच्या दिव्यातही हाच पेच बरेचदा दिसतो. दोन्ही बुडांसाठी एलईडी बल्ब मिळतात. मात्र बूड जुळले म्हणजे बल्ब बसलाच असे समजू नये. काही एलईडी बल्बांचे डोके फिलामेंटच्या काचेपेक्षा जाड असते आणि परावर्तकाच्या भोकातून पुढे जात नाही. काहींचे बूड आखूड असते, त्यामुळे सेलची टोपी टेकत नाही. काहींचे टोक इतके लांब की झाकण घट्ट आवळल्यावर सेलची टोपी दबते. जुना बल्ब शेजारी धरून दोघांची कॉलरपासून टोकापर्यंतची लांबी पाहणे हा साधा आणि पुरेसा उपाय आहे.

यानंतर येते व्होल्टेज, आणि सर्वाधिक गफलती इथेच होतात. पांढऱ्या एलईडीला उजळायला साधारण तीन व्होल्ट लागतात. त्याखाली तो जवळजवळ विझलेलाच राहतो, आणि तीनच्या थोडे वर गेले की प्रवाह झपाट्याने वाढतो. व्होल्टच्या एक-दोन दशांश फरकाने प्रवाह दुप्पट होऊ शकतो. म्हणजे एलईडीला व्होल्टेज पुरवून भागत नाही, त्याचा प्रवाह कोणीतरी आवरावा लागतो. दोन सेलच्या टॉर्चमध्ये नवे सेल तीन व्होल्ट देतात आणि काही वापरानंतर अडीचवर उतरतात; तेव्हा नुसता एलईडी बसवला तर पहिल्या काही तासांनंतर तो मंदावत जातो, सेलमध्ये अर्धीअधिक शक्ती शिल्लक असताना. म्हणून दोन सेलच्या चांगल्या एलईडी बल्बच्या बुडात एक चिमुकले सर्किट असते. ते छोट्या वेटोळ्यातून प्रवाह सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करते आणि प्रत्येक वेळी वेटोळ्यात साठलेली ऊर्जा जास्त व्होल्टेजवर एलईडीकडे ढकलते. व्होल्टेज चढवणाऱ्या या सर्किटमुळे प्रत्येक सेल एक व्होल्टच्या आसपास उतरेपर्यंत उजेड जवळपास सारखाच राहतो, आणि फिलामेंटसाठी निकामी झालेले सेलही काही तास चालतात. त्याची एक किंमत आहे. सेल उतरत जातात तसे सर्किट तेवढीच शक्ती मिळवण्यासाठी जास्त प्रवाह ओढते : अर्ध्या वॅटच्या बल्बला नव्या सेलवर ०.२ अँपिअर पुरत असतील, तर १.८ व्होल्टवर तोच बल्ब ०.३३ अँपिअर मागतो. परिणामी शेवट एकाएकी येतो. फिलामेंट तांबूस होत तासभर आधी सूचना देई. हा बल्ब चांगला उजळत असताना काही मिनिटांत विझू शकतो. रानात किंवा घाटात जाणाऱ्याने जोडीला नवे सेल ठेवलेच पाहिजेत.

तीन सेलच्या टॉर्चचे गणित सोपे. साडेचार व्होल्ट एलईडीच्या गरजेपेक्षा जास्त असल्यामुळे स्वस्त बल्बांत फक्त एक रोधक घालून प्रवाह आवरलेला असतो. तिथे नव्या सेलच्या विजेचा जवळपास तिसरा हिस्सा रोधक तापवण्यात जातो आणि सेल उतरतील तसा उजेडही उतरतो. तरीही असे बल्ब टिकाऊ असतात, कारण त्यांच्यात बिघडण्यासारखे काही नसते. चार ते सहा सेलच्या लांब टॉर्चसाठी व्होल्टेज उतरवणारे सर्किट असलेला बल्बच घ्यावा. पाकिटावर एकच व्होल्टेज लिहिले आहे की पट्टा, हे इथे नीट वाचायचे. तीन व्होल्टचा म्हणून लिहिलेला बल्ब सहा व्होल्टवर क्षणात जळतो, आणि सहा व्होल्टचा बल्ब दोन सेलवर कदाचित पेटणारही नाही.

आणखी एक गोष्ट फिलामेंटच्या काळात विचारात घ्यावी लागत नसे : दिशा. तारेला वीज कुठूनही आली तरी चालते, एलईडीला एकाच बाजूने यावी लागते. बहुतेक टॉर्चमध्ये सेलच्या टोप्या पुढे असतात आणि बल्बच्या मधल्या टोकाला धन टोक मिळते. बहुतेक एलईडी बल्ब याच रचनेसाठी असतात. मात्र काही टॉर्चमध्ये सेल उलटे बसतात. अशा ठिकाणी साधा एलईडी बल्ब पेटत नाही, आणि आतल्या सर्किटला इजा होण्याचाही संभव असतो. दोन्ही दिशांना चालणारे बल्ब मिळतात. त्यांच्यात चार डायोडांचा पूल असतो आणि तो थोडे व्होल्टेज स्वतः खातो. म्हणून दोन सेलच्या टॉर्चमध्ये, शक्य असेल तर, दिशा पाळणारा बल्बच बरा.

पण टॉर्चचा खरा जीव त्याच्या झोतात आहे, आणि झोत परावर्तक घडवतो. खोल, अन्वस्ताकार परावर्तकाला एकच बिंदू प्रिय असतो. त्या नाभीवर ठेवलेल्या ठिणगीचा जो प्रकाश भिंतीवर आदळतो तो समांतर होऊन पुढे जातो. जुन्या टॉर्चमध्ये कॉलर आणि फिलामेंट यांमधले अंतर, सुमारे सहा मिलिमीटर, याच बिंदूसाठी ठरवलेले असते. फिलामेंट सर्व दिशांना प्रकाश फेकते. परावर्तकाच्या काठाकडे पाहणारी रेषा अक्षाशी पंचावन्न अंशांचा कोन करत असेल, तर फिलामेंटचा अवघा एक-पंचमांश प्रकाश परावर्तकाला न शिवता थेट बाहेर सांडतो. उरलेला परावर्तकाच्या वाट्याला येतो आणि त्यातून तो लांब जाणारा, दाट मधला ठिपका बनतो.

एलईडीची चिप मागे प्रकाश टाकतच नाही. ती सपाट असते, समोर सर्वांत जास्त उजळते आणि बाजूला जावे तशी मंद होते. तिचे तोंड पुढे करून त्याच परावर्तकात बसवली तर चित्र उलटते : सुमारे दोन-तृतीयांश प्रकाश थेट बाहेर सांडतो आणि जेमतेम एक-तृतीयांश परावर्तकाला मिळतो, तोही फक्त पुढच्या कडेच्या भागाला. परावर्तकाचे खोल पोट, ज्याच्यावर जुन्या कारागिराने सर्वाधिक मेहनत घेतली, ते काळोखात राहते. म्हणूनच पाचपट ल्युमेनचा नवा बल्ब बसवूनही टॉर्च पूर्वीपेक्षा लांब पोहोचत नाही अशी तक्रार ऐकू येते. ती बल्बच्या प्रतीबद्दल असतेच असे नाही. बऱ्याचदा उजेड वाढलेला असतो, पण तो पायाशी पसरलेला असतो. परावर्तकाच्या कडेवर पडणारा प्रकाश मात्र, नाभीपासून दूर असल्यामुळे, अधिक आवळून जातो. त्यामुळे चिप नेमक्या नाभीवर आणि लहान असेल तर मधला ठिपका टिकतोही.

यातून बल्ब निवडण्याचे दोन उपयोगी निकष मिळतात. पहिला, प्रकाश देणारा पृष्ठभाग जितका लहान आणि प्रखर, तितका झोत लांब. पाच-सात बारीक एलईडींचे झुबके असलेले बल्ब कितीही उजळ दिसले तरी लांब पोहोचत नाहीत, कारण त्यांतली एकही चिप नाभीवर नसते. एका मिलिमीटरची एकच चिप असलेला बल्ब त्यांना सहज मागे टाकतो. दुसरा निकष उंचीचा. चिप जुन्या फिलामेंटच्याच उंचीवर असावी. काही उत्पादक चिपांची तोंडे बारीक खांबाच्या बाजूंवर, आडवी बसवतात. त्यांचा प्रकाश आडवा जाऊन परावर्तकाचे पोट भरतो, आणि खोल परावर्तकात हे बल्ब फिलामेंटच्या झोताच्या सर्वांत जवळ येतात. डोके फिरवून झोत लहान-मोठा करता येणाऱ्या टॉर्चना, जसे १९७९ पासून टोनी मॅग्लिका यांनी अमेरिकेत बनवलेले मॅगलाइट, उंचीतला फरक सांभाळून घेता येतो. ज्यांचे डोके स्थिर असते, त्यांच्यात कॉलरखाली पातळ वॉशर घालून बल्ब मागे सरकवता येतो. चाचणी भिंतीवर करावी, तीन-चार मीटरवरून : झोताच्या मधोमध काळा डाग दिसला तर चिप नाभीवर नाही.

टॉर्चच्या पाकिटावर आजकाल पल्ल्याचे मीटर छापलेले असतात. २००९ मध्ये आलेल्या अमेरिकी मानकानुसार ज्या अंतरावर झोताची तीव्रता पाव लक्स उरते, म्हणजे साधारण स्वच्छ पौर्णिमेच्या चांदण्याइतकी, ते अंतर म्हणजे पल्ला. हे अंतर झोताच्या मधल्या तीव्रतेच्या वर्गमुळाच्या पटीत वाढते. पल्ला दुप्पट करायचा तर मधला झोत चौपट तीव्र हवा. शिवाय ही मोजणी कंपनीच्या स्वतःच्या परावर्तकात झालेली असते. तोच बल्ब जुन्या टॉर्चमध्ये गेला की त्या आकड्याला अर्थ राहत नाही.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यासाठी ही चर्चा नुसती प्रयोगशाळेतली नाही. कृषिपंपांना पाळीपाळीने रात्री वीज मिळते तेव्हा पाणी द्यायला रात्रीच बांधावरून चालावे लागते, आणि मण्यार, घोणस यांची बाहेर पडण्याची वेळही तीच. पायाखालची वाट दाखवायला एलईडीचा पसरलेला उजेड जुन्या आवळलेल्या झोतापेक्षा खरोखर चांगला आहे. दोन पावलांपुढे आणि दोन्ही बाजूंना एकाच वेळी दिसते. शेताच्या पलीकडच्या टोकाला रानडुकरे आहेत का हे पाहायचे असेल तर मात्र लहान चिपचा किंवा बाजूंना तोंडे असलेला बल्ब हवा. काम कोणते हे आधी ठरवले की निवड अवघड राहत नाही.

उजेडाच्या रंगाकडेही लक्ष द्यावे. स्वस्त एलईडी बल्ब बहुधा साडेसहा हजार केल्विनच्या आसपासचा निळसर पांढरा उजेड देतात आणि त्यात लाल भाग कमी असतो. वायरचे रंग, जखमेची लाली किंवा घसा तपासायचा असेल तर तीन ते चार हजार केल्विनचा उबदार उजेड अधिक खरा दिसतो. त्यावर किडेही कमी येतात. रंगीत काचा असलेल्या टॉर्चमध्ये, म्हणजे सैन्याच्या वाकड्या मानेच्या टॉर्चमध्ये किंवा तिरंगी सिग्नलच्या दिव्यात, पांढरा एलईडी घातला तर लाल काचेतून फार थोडा उजेड पार होतो. तिथे उबदार एलईडीच योग्य.

उष्णतेबाबत एक मोठा गैरसमज आहे. एलईडीचा झोत थंड असतो, म्हणून एलईडी तापत नाही असे मानले जाते. फिलामेंटची उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने झोताबरोबरच बाहेर जाते. एलईडीच्या वाट्याची निम्म्याहून अधिक वीज चिपमध्येच उष्णता होऊन बसते आणि तिला धातूमधून बाहेर पडायला वाट लागते. जुन्या टॉर्चमध्ये ही वाट म्हणजे बल्बचे नऊ-दहा मिलिमीटरचे बूड आणि कॉलरची बारीक कड. अर्ध्या ते एक वॅटसाठी ती पुरते, विशेषतः परावर्तक आणि नळी दोन्ही धातूची असतील तेव्हा. तीन वॅटचा बल्ब तिथे बसवला तर तो काही मिनिटांत तापतो. चांगला असेल तर स्वतःच उजेड कमी करतो, साधा असेल तर फॉस्फर आणि सोल्डर दोन्ही खराब होतात. प्लॅस्टिकच्या नळीत अर्ध्या वॅटच्या वर जाऊ नये. एलईडी हजारो तास टिकतो हे खरे, पण ते आयुष्य थंड ठेवलेल्या चिपचे आहे.

सेलचा विचार बदललेल्या भारानुसार करायचा. मोठ्या आकाराच्या, म्हणजे डी, अल्कलाइन सेलमध्ये हलक्या भारावर बारा-पंधरा अँपिअर-तास मिळतात; जस्त-कार्बनचा साधा सेल त्याच्या निम्म्यापर्यंत जातो. भारी प्रवाहावर हा साधा सेल लवकर दमतो, एलईडीच्या हलक्या भारावर मात्र तो समाधानकारक चालतो. त्यामुळे गावच्या दुकानात मिळणारे स्वस्त सेल वापरणाऱ्याला या बदलाचा फायदा सर्वाधिक. पुन्हा भरता येणाऱ्या निकेल सेलचे १.२ व्होल्टही व्होल्टेज चढवणाऱ्या बल्बला पुरतात. लिथियमचा ३.७ व्होल्टचा सेल जुन्या नळीत बसवण्याचा मोह मात्र टाळावा. पूर्ण भरल्यावर तो ४.२ व्होल्ट देतो, दोन सेलसाठीच्या बल्बना ते सोसत नाही, आणि संरक्षक सर्किट नसलेला असा सेल धातूच्या नळीत दबला किंवा जोडला गेला तर आग लागण्याचा धोका खरा आहे.

शेवटच्या थेंबापर्यंत सेल पिळणाऱ्या बल्बमुळे गळतीचा प्रश्न वाढतो. जस्त-कार्बन सेलमध्ये जस्ताचे डबडेच झिजत असते. ते फुटले की आम्लधर्मी मसाला नळीत पसरतो आणि पितळेवर हिरवा थर चढतो. अल्कलाइन सेलमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड पाझरून पांढरी पूड जमते. म्हणून उजेड एकदा विझला की सेल त्याच दिवशी काढावेत. जुना टॉर्च पुन्हा वापरात आणताना आधी ही सफाई करावी. पहिल्या गळतीला खाण्याच्या सोड्याचे पाणी, दुसरीला पांढरे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस. मग ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळवायचे. अडकलेला सेल ठोकून काढू नये. थोडे पाणी किंवा व्हिनेगर मुरू दिले की बहुधा तो सुटतो. हे करताना हातमोजे घालावेत आणि डोळे जपावेत. स्प्रिंगचे टोक, बटणाची पट्टी, झाकणाचे आटे आणि परावर्तकाची मागची कड बारीक पॉलिश कागदाने उजळ करावी. परावर्तकाची आतली चकाकी मात्र घासायची नाही. निकेलचा मुलामा मऊ फडक्याने हलकेच पुसला तर चालतो, पण प्लॅस्टिकवरचा ॲल्युमिनियमचा थर बोटानेही निघून येतो.

काही टॉर्चना हात लावू नये. खाणी, पेट्रोलची कोठारे आणि ज्वालाग्राही वायूच्या जागी वापरायचे टॉर्च ठिणगी पडू नये अशा रीतीने बनवून तपासलेले असतात. त्यांत ठरलेल्या बल्बखेरीज दुसरा बसवला की ती मान्यता संपते आणि सुरक्षाही. सुरुवातीच्या दशकांतले, मूळ बल्ब शाबूत असलेले टॉर्च संग्राहकांच्या कामाचे असतात. त्यांच्यात बदल करायचाच असेल तर काहीही न कापता, न सोल्डर करता, मूळ बल्ब पुन्हा बसवता येईल असाच करावा. पुष्कळ जुन्या टॉर्चच्या मागच्या झाकणात जादा बल्बसाठी खोबण असते. काढलेला फिलामेंटचा बल्ब कापसात गुंडाळून तिथे ठेवला तर एलईडीचे सर्किट प्रवासात बंद पडले तरी टॉर्च चालू राहतो.